‘पंक्चर काढशील!’ म्हणणाऱ्यांनी एकदा टायर काढून दाखवावा

“अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढत बसशील.”

हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोललो असेन, याचा हिशोब माझ्याकडे नाही. मला ते माझ्या सरांकडून मिळालं. त्यांना त्यांच्या सरांकडून मिळालं असेल. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो; हे वाक्य मात्र दोन्ही भाषांत सारखंच सहज तोंडात येतं. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात वही न आणणाऱ्या एका मुलाला मी ते ऐकवलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, “सर, अब्बू वही करते हैं.” वर्ग हसला. मी हसलो नाही, पण माफीही मागितली नाही. फळ्याकडे वळलो आणि विभक्तीचा तक्ता पुढे लिहू लागलो.

हा लेख त्या न मागितलेल्या माफीचा आहे. आणि थोडा भांडणाचाही आहे.

शिवी कशी रुळते

गेल्या काही वर्षांत ‘पंक्चरवाला’ हा शब्द मुसलमानांसाठीची शिवी म्हणून रुळला आहे. सोशल मीडियावर कुठल्याही मुस्लिम नावाच्या माणसाने काही लिहिलं की खाली ‘पंचरवाला’, ‘पंचरपुत्र’ असे शेरे येतात. ते टोपणनावाने लिहिणाऱ्या पोरांपुरतं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बंगळुरूत नागरिकत्व कायद्याच्या समर्थनाच्या सभेत खासदार तेजस्वी सूर्या यांनी विरोध करणाऱ्यांची संभावना अडाणी आणि पंक्चरवाले अशी केली. १४ एप्रिल २०२५ ला हरियाणातल्या हिसारच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितलं की, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलचं पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं.

वक्फच्या जमिनींचं काय झालं, हा प्रश्न खरा आहे. तो दुसऱ्या कुणी विचारण्याआधी आपण विचारायला हवा होता. त्यावर स्वतंत्र लिहीन. इथे मला दिसते ती तारीख. १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे ज्या माणसाने १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त मांडलं, त्याच्या जन्मदिवशी एका कामाचं नाव घेऊन माणसांचा खालचा दर्जा सांगितला गेला. कळवळ्याच्या सुरात सांगितला गेला, एवढाच फरक.

आणि आम्ही उत्तर काय देतो? आम्ही अब्दुल कलाम दाखवतो. आमच्या गल्लीतला डॉक्टर दाखवतो, यूपीएससी पास झालेली मुलगी दाखवतो. “बघा, आम्ही सगळे पंक्चरवाले नाही!” हे उत्तर देताना आम्ही शिवी देणाऱ्याची मुख्य गोष्ट मान्य करून टाकतो, की पंक्चर काढणं हे लाजेचं काम आहे. त्यात डोकं लागत नाही. आम्ही फक्त स्वतःला त्या रांगेतून बाजूला काढून घेतो आणि जो खरंच रस्त्याच्या कडेला घमेलं घेऊन बसला आहे, त्याला तिथेच सोडून देतो.

मीही तेच करत होतो. शिवीची तालीम तर मी वर्गातच घेत होतो.

माझा टायर

हे सगळं मला पुस्तकातून उमगलेलं नाही. एका टायरने शिकवलं.

दिंडोशीत राहणाऱ्याला चढ-उतार माहीत असतात. नागरी निवाऱ्यापासून खाली दिंडोशी आगाराकडे यायचं तर उतार, संध्याकाळी परतताना तोच चढ. गुडघ्यांसाठी म्हणून मी जुनी हायब्रीड सायकल घेतली. अल्युमिनियमची रिम, ७०० सीचं चाक. पंक्चरचा त्रास नको म्हणून आत जाड थर असलेला टायर बसवून घेतला. अशा टायरची गंमत अशी की तो सहसा पंक्चर होत नाही. पण झाला की रिमवरून निघता निघत नाही.

रस्त्यावरच्या तारेच्या तुकड्याने काम केलं. रविवार होता. मी बीएड झालेला माणूस, मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि स्वस्तातले प्लास्टिकचे टायर लिव्हर घेऊन बसलो. पहिला लिव्हर वाकला. दुसऱ्याचं टोक तुटून टायरच्या आतच राहिलं. मग घरातला स्क्रूड्रायव्हर आणला. टायरची एक कड कशीबशी बाहेर आली, ठिगळ लावलं, आणि परत बसवताना शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जाईना. पुन्हा स्क्रूड्रायव्हर. टायर बसला. हवा भरली. दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं. ट्यूब काढून पाण्यात धरली तेव्हा बुडबुडे दोन ठिकाणांहून येत होते, शेजारी शेजारी, साप चावल्यासारखे. एक पंक्चर काढायला बसलो आणि दोन करून उठलो.

सायकल ढकलत खाली रस्त्याच्या कडेच्या दुकानावर गेलो. पत्र्याची टपरी, एक कॉम्प्रेसर, काळ्या पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसत उठला. “सलाम सर. आइये.” त्याच्या मागे स्टुलावर सातवीतला तो मुलगा बसला होता. मांडीवर मराठीची वही होती.

ताकदीने नाही, जागेने

मुलाच्या वडिलांनी रिमवर बोट फिरवलं. स्क्रूड्रायव्हरने पडलेल्या खाचा त्यांना दिसल्या. बोलले काही नाहीत. त्यांनी डब्यातून आधी पोलादाचा लिव्हर काढला, रिम पाहून परत ठेवला आणि दुसऱ्या कप्प्यातला नायलॉनचा जाडजूड लिव्हर घेतला. मी विचारलं, “तो का नको?”

“सर, वो दूधवाले की गाडी के लिए. लोहे की रिम, लोहे का लिवर. आपकी रिम नरम है, खा जाएगा.”

मग त्यांनी लिव्हर बाजूलाच ठेवला. दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड सगळीकडून दाबत दाबत चाकाला पूर्ण फेरी मारली. दोन्ही बाजूंनी. कड रिमच्या मधोमध असलेल्या खोबणीत उतरवली. त्यानंतर लिव्हर घातला, खाली ओढला, त्याचा मागचा आकडा स्पोकला अडकवला. तीन स्पोक सोडून दुसरा. मग तिसरा. मधला आपोआप सैल होऊन हातात आला. एवढं करायला त्यांना एक मिनिटही लागलं नसेल. माझे दोन तास गेले होते.

“टायर ताकत से नहीं निकलता सर, जगह से निकलता है.”

घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसलो. टायरच्या कडेत तार असते. ती ताणली जात नाही. ताणली गेली तर टायर निकामी. मग ती रिमच्या उंच काठावरून बाहेर येणार कशी? रिमच्या मधोमध खोबण असते, ती काठाजवळच्या जागेपेक्षा खोल असते. समजा फक्त ३ मिलिमीटर खोल. वर्तुळाची त्रिज्या ३ मिलिमीटरने कमी झाली तर परीघ कमी होतो २ गुणिले ३.१४ गुणिले ३, म्हणजे जवळपास १९ मिलिमीटर. चाकाच्या बहुतेक भागात तार खोबणीत उतरवली की त्यातला बराचसा सैलपणा उरलेल्या भागात मिळतो. त्या बोटभर सैलपणात टायर निघतो आणि बसतो. वर्तुळाचा परीघ आम्ही शाळेत शिकवतो. आमच्या एकाही पाठात तो टायर काढायला वापरलेला नाही.

बसवतानाचीही तीच गोष्ट. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा, कारण व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबचा जाड भाग खोबणीत बसलेला असतो आणि तिथे तार खाली उतरू शकत नाही. मी शेवट नेमका उलट्या जागी केला होता. म्हणून तो वीतभर भाग आत जात नव्हता. त्यांनी ट्यूबमध्ये आधी थोडी फुंकर भरून तिला आकार दिला, टायरची कड तळहातांनी लोटत आणली, शेवटच्या भागाला बोटाने साबणाचं पाणी लावलं आणि अंगठ्यांनीच आत ढकलली. लिव्हर डब्यातच राहिला.

लिव्हर निवडायचा कसा

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बरेचदा गेलो. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे काम बिनडोक वाटतं त्यांच्यासाठी खास, मी जे शिकलो ते इथे लिहितो.

पहिलं म्हणजे रिम बघा, मग लिव्हर. दूधवाल्याची, पाववाल्याची जुन्या पद्धतीची २८ इंची सायकल असेल तर रिम पोलादाची असते. तिथे पोलादी लिव्हर चालतो, वर्षानुवर्षं टिकतो. अल्युमिनियमच्या रिमवर तोच लिव्हर ओरखडे आणि खाचा पाडतो. त्या खाचेची धार पुढे टायरची कड कुरतडते. तिथे नायलॉनचा हवा. कार्बनची रिम असेल तर धातू जवळही आणू नका.

दुसरं, प्लास्टिक सगळं सारखं नसतं. मी घेतला होता तो मऊ होता, वाकला. चांगला नायलॉनचा लिव्हर जाड पाठीचा असतो, त्यात काचेचे तंतू मिसळून तो कडक केलेला असतो. हातात धरून वाकवून बघा. सहज वाकत असेल तर तो हट्टी टायरवर तुटणार. फारच हट्टी टायरसाठी आत पोलादी कणा आणि वरून प्लास्टिकचं वेष्टन असलेले लिव्हर मिळतात. ताकद पोलादाची, स्पर्श प्लास्टिकचा.

तिसरं, टोक. ते पातळ हवं म्हणजे घट्ट कडेखाली शिरेल. पण रुंद आणि गोलाईचं हवं म्हणजे ट्यूबला कापणार नाही. ही दोन विरुद्ध मागणी आहेत आणि लिव्हरची किंमत तिथेच ठरते. जुना मोजा घ्या, त्यावरून लिव्हरची कड फिरवा. धागा अडकला तर ती कड ट्यूबही फाडेल. स्क्रूड्रायव्हर याच परीक्षेत नापास होतो. तो स्क्रूसाठी बनवलेला आहे, त्याला चौकोनी धार आहे.

चौथं, लांबी. सहावीच्या विज्ञानात तरफ शिकवतात: टेकू, भार, बल. टायर काढताना रिमचा काठ हा टेकू, एका बाजूला टायरची कड हा भार, दुसऱ्या बाजूला आपला हात हे बल. टेकू मध्ये, म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. लिव्हर ११ सेंटिमीटरचा आणि टेकू टोकापासून दीड सेंटिमीटरवर असेल तर हाताकडे साडेनऊ सेंटिमीटर उरतात. बल सहा पटीहून थोडं जास्त वाढतं. मोटारसायकलचा ३० सेंटिमीटरचा लिव्हर लावला तर तेच १९ पट होतं. हाताने १० किलोचा जोर दिला तर रिमच्या नाजूक काठावर आणि तारेवर जवळपास दोनशे किलोचा पडतो. काठ वाकतो, तार मोडते. म्हणून सायकलचा लिव्हर छोटा असतो. छोटा आहे म्हणजे स्वस्तातला आहे, असं नाही. माझ्यासारख्याने जास्त जोर लावू नये म्हणून तो छोटा आहे.

पाचवं, बसवताना लिव्हर शक्यतो वापरू नका. तेव्हा लिव्हरचं टोक रिमच्या आत जातं, टेकू टोकाकडे सरकतो, टायरची कड मध्ये येते आणि हात दुसऱ्या टोकाला. म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ, आपल्या अडकित्त्यासारखी. अडकित्त्यात सुपारी मध्ये असते. इथे टोकाखाली ट्यूब असते, आणि सुपारीचं जे होतं ते तिचं होतं. माझी दोन शेजारची भोकं अशीच पडली. अंगठ्यांनी जमतच नसेल, एकट्याने काम करायचं असेल, बोटांत संधिवात असेल तर टायरची कड ओढून काठावरून आत टाकणारं चिमट्यासारखं अवजार मिळतं. त्याचा एक पाय पलीकडच्या काठावर टेकतो आणि दुसरा कडेला उचलून आणतो. आत काही शिरत नाही, म्हणून ट्यूब वाचते.

सहावं, तीन घ्या. दोन लिव्हरमध्ये हट्टी टायर परत आत पळतो. आणि मागच्या टोकाला स्पोकमध्ये अडकणारा आकडा आहे ना, ते बघून घ्या.

आता मला सांगा, यात डोकं कुठे लागत नाही? धातूंची जाण आहे, वर्तुळाची आहे, तरफेची आहे, आणि या सगळ्याच्या वर अंगठ्यांत असलेली एक जाण आहे, जी मला अजून आलेली नाही.

शोध कशाचा होता?

हवा भरलेला टायर डनलॉपने १८८८ साली आणला, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. त्यापुढचं नसतं. सुरुवातीचे टायर रिमवर चिकटवलेले असत. पंक्चर झालं की ते सोलून काढायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा चिकटवायचे आणि गोंद वाळेपर्यंत थांबायचं. १८९० साली वेल्च नावाच्या माणसाने कडेत तार असलेल्या टायरचं पेटंट घेतलं. १८९१ साली मिशलॅं बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी लांबलचक शर्यत शार्ल तेरोंने त्याच टायरवर जिंकली. लोकांना पटलं ते तेव्हा. सायकल गरिबाचं वाहन झाली त्यामागे हवा होती तेवढंच हेही होतं की रस्त्यात कुणीही साधा माणूस टायर उतरवून परत चढवू शकतो. पंक्चरवाला सायकलच्या शोधाच्या बाहेर उभा नाही. तो त्या शोधाचा अर्धा भाग आहे.

शाळेचा गुन्हा

बीएडला ‘नई तालीम’वर प्रश्न असायचा. आम्ही पाठ करून लिहायचो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली, हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं ठरलं आणि अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. आम्ही मुसलमान शिक्षक झाकिर हुसेनांचं नाव अभिमानाने घेतो. पण त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट आम्ही परीक्षेच्या पेपरातच सोडून आलो. काम हे शिक्षणाचं साधन आहे, असं त्यांचं म्हणणं. काम ही शिक्षण न घेतल्याची शिक्षा आहे, असं आमचं.

“अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढशील” याचा दुसरा अर्थ काय होतो?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुलांनी सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची शिफारस आहे. सुतार, माळी, कुंभार यांची नावं त्यात आहेत. कागदावर उत्तम. माझा प्रश्न एवढाच, की कुंभार शाळेत आला तर त्याला ‘लोककला’ म्हणून टाळ्या मिळतील; पंक्चरवाला आला तर मुलं का हसतील? कारण हसायला आपण शिकवलं आहे.

आपल्या घरातही बघू

जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो की हजरत दाऊद लोखंडाची चिलखतं घडवत, हजरत झकरिया सुतारकाम करत, आणि प्रेषित मुहंमद (स.) आपली चप्पल स्वतः शिवत. ऐकून “सुभानअल्लाह” म्हणतो. मशिदीतून बाहेर पडल्यावर त्याच समाजात मुलीसाठी स्थळ बघताना “लडका क्या करता है?” या प्रश्नाला “पंक्चर की दुकान है” असं उत्तर आलं की चहा थंड होतो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांत बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, कुरेशी, मोमीन ही सगळी नावं हाताच्या कामांची आहेत. त्या कामांवरून वरची-खालची बिरादरी आपणच ठरवली. बाहेरचा माणूस पंक्चरवाला म्हणून हिणवतो तेव्हा तो आपल्याच घरातला आरसा आपल्याला दाखवत असतो. तो वाईट हेतूने दाखवतो, हे खरं. पण चेहरा आपलाच असतो.

काही मित्र म्हणतील, “सर, तुम्हाला बोलायला काय जातं? तुमचा पगार पहिल्या तारखेला होतो. गरिबीचं कौतुक करू नका.” हा आक्षेप मला मान्य आहे. त्या मुलाच्या वडिलांनी सहावीत शाळा सोडली ती टायर लिव्हरच्या प्रेमापोटी नाही. सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिलं होतं की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. महाराष्ट्रात मेहमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ साली आला आणि कपाटात गेला. मुलाने पंक्चरचंच दुकान चालवावं, असं मी म्हणत नाही. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर त्याने व्हावं, आणि त्यासाठी शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह द्यायला सरकारला मोकळं सोडू नये. निवड नसणं हा अन्याय आहे. काम हा अन्याय नाही. हे दोन वेगळे केले की शिवीतली हवा निघून जाते.

आणि सन्मान म्हणजे नुसतं भाषण नव्हे. रविवारी सकाळी आरेच्या बाजूला, फिल्म सिटी रोडला सायकलवाले येतात. काहींची सायकल माझ्या वर्षभराच्या पगाराची. एकदा माझ्यासमोर अशा एका गृहस्थाचा टायर अडकला. त्यांच्याकडे उत्तम परदेशी लिव्हर होते, वापरता येत नव्हते. मुलाच्या वडिलांनी त्यांचाच लिव्हर घेऊन टायर काढला, ट्यूब लावली, बसवला. पन्नास रुपये सांगितले. गृहस्थ म्हणाले, “दोन मिनिटांचे पन्नास?” त्या दोन मिनिटांमागे बावीस वर्षं होती. वकिलाने दोन मिनिटांत सल्ला दिला तर आपण घड्याळ लावत नाही.

म्हणून तीन गोष्टी. शिक्षकांनी ते वाक्य वर्गातून काढून टाकावं. उर्दू शाळा असो, मराठी असो, इंग्रजी असो. मुस्लिम शिकलेल्या वर्गाने शिवीला उत्तर देताना पंक्चरवाल्याला मागे लपवू नये. आणि ज्यांना हा शब्द शिवी म्हणून वापरायचा आहे, त्यांनी आधी एक घट्ट टायर रिमवरून काढून, ट्यूब न फाडता परत बसवून दाखवावा. मग बोलू.

माझं म्हणाल तर या जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या परवानगीने विज्ञानाच्या बाईंसोबत मी सहावीला तरफेचा पाठ घेतला. सायकलचं चाक आणि तीन लिव्हर वर्गात नेले. आधी मागच्या वर्षी बोललेल्या वाक्याबद्दल माफी मागितली. तो मुलगा आता आठवीत आहे, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माफी त्याच्यासमोर मागायची होती. मग लिव्हर घेऊन मी टायरच्या कडेत घालायला गेलो. तो मागून म्हणाला, “सर, आधी कड खोबणीत उतरवा.”

मराठीत म्हणाला. विभक्तीही बरोबर होती.